वादमर्यादा : तत्त्वचर्चेतील सभ्यतेचे स्वरूप

मतभेद व्यक्त करण्यासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांचा पूर्वेतिहास पाहिला असता एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. 'हुज्जत' हा शब्द मूळ अरबी. तेथे त्याचा अर्थ प्रमाण किंवा पुरावा. मराठीत हुज्जत घालणारा मनुष्य पुराव्याशी फारसा संबंध न ठेवणारा मानला जातो. 'कज्जा' हा शब्दही अरबीतूनच आला. त्याच्या मूळ रूपाला अरबी तर्कशास्त्रात 'विधान' असा पारिभाषिक अर्थ आहे. 'तक्रार' म्हणजे मुळात पुनरुक्ती. संस्कृतातून आलेल्या शब्दांचीही गत निराळी नाही. न्यायशास्त्रात 'छल' म्हणजे प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून त्याचे खंडन करणे. मराठीत त्याचाच 'छळ' झाला आणि तो केवळ पीडेचा वाचक उरला. 'जल्प' हा शास्त्रमान्य चर्चाप्रकार होता. मराठीतील 'जल्पना' म्हणजे पोकळ बडबड. स्वतः 'वाद' हा शब्द घेतला तर वाद होणे म्हणजे भांडण होणे, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात नवल नाही. 'वाद' या शब्दाला कलह हा अर्थ संस्कृतातही अपरिचित नव्हता. परंतु येथे प्रमाण, विधान, चर्चा हे सारे एकाच दिशेने, म्हणजे भांडणाकडे, घसरले आहेत. परिणामी मराठी भाषकापाशी दोनच शब्द शिल्लक राहतात : कटुतेसाठी 'वाद' आणि गोडीसाठी 'संवाद'. ज्यात मतभेद तीव्र आहे, तो लपविण्याचा प्रयत्न नाही आणि तरीही उभयतांचे प्रयोजन सत्यशोधन हेच आहे, अशा व्यवहाराला सर्वसामान्य भाषेत नाव उरलेले नाही. ज्याला नाव नाही त्याची अपेक्षाही कोणी करीत नाही. म्हणूनच तत्त्वचर्चेत सभ्यता असावी असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येते ती सौम्यता : आवाज चढू नये, शब्द बोचू नयेत, शक्य तर मतभेदच उच्चारू नये. सभ्यता आणि सौम्यता यांची ही गल्लत कितपत ग्राह्य आहे, हे वादाचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांच्या विचारांच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांतील वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति आणि निग्रहस्थान हे शेवटचे सात प्रत्यक्ष चर्चाव्यवहाराशी संबद्ध आहेत. वाद, जल्प आणि वितंडा या तिहींना मिळून 'कथा' ही संज्ञा आहे. वादात दोन पक्ष परस्परविरुद्ध मते घेऊन उभे राहतात, प्रमाण आणि तर्क यांच्या साहाय्याने स्वपक्षाची स्थापना व परपक्षाचे खंडन करतात. आणि हे सर्व तत्त्वनिर्णयासाठी असते. जल्पाची बाह्य रचना अशीच असते, परंतु तेथे हेतू विजयाचा असल्यामुळे छल व जाति यांसारखी साधनेही वापरली जातात. वितंडेत स्वतःचा पक्ष स्थापन करण्याची जबाबदारी न घेता केवळ परपक्षावर आघात करावयाचा असतो. शास्त्रदृष्ट्या वितंडा आणि वाद ही एकमेकांना वगळणारी नावे होत. असे असता मराठीने 'वितंडवाद' हा समास सहजपणे स्वीकारला आहे. हा समास मराठीने नव्याने घडविला असे नव्हे. पालीतही तशा प्रकारचा प्रयोग आढळतो. परंतु तो खटकत नाही, याचे कारण त्यातील 'वाद' या पदाने आपला पारिभाषिक अर्थ केव्हाच गमावलेला आहे.

या त्रिविध विभागणीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ती स्वराच्या तीव्रतेवर आधारलेली नाही. सौम्य भाषेत केलेला जल्प हा जल्पच होय आणि कठोर शब्दांत केलेला वाद हा वादच. भेद ठरतो तो प्रयोजनावरून आणि साधनांवरून. हे अधिक स्पष्टपणे दिसते ते निग्रहस्थानांच्या यादीत. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने, म्हणजे पराभवाला कारण होणारे दोष, सांगितली आहेत. चर्चेतील असभ्यतेचा विचार करणारा आजचा वाचक या यादीत शिवीगाळ, क्रोध, उपहास, अपमान यांचा उल्लेख शोधील, तर त्याची निराशा होईल. यांपैकी एकही त्या यादीत नाही. यादीत आहे ते असे : आपली प्रतिज्ञा सोडून देणे, किंवा ती अडचणीत येताच तिच्या जागी दुसरी पुढे करणे, प्रस्तुत विषय सोडून भलतेच बोलणे, कारण नसता पुनरुक्ती करणे, कामाचे निमित्त काढून चर्चा मध्येच सोडून जाणे, आपल्यावरील दोष न निवारता 'हाच दोष तुमच्याही पक्षात आहे' असे म्हणणे. या शेवटच्या दोषाला 'मतानुज्ञा' असे मार्मिक नाव आहे. प्रतिपक्षाकडे बोट दाखविणाऱ्याने आपल्यावरील आरोपाला अनुज्ञा, म्हणजे संमती, दिलेली असते, हे त्या नावातच सांगितले आहे. आजच्या सार्वजनिक चर्चेत हा दोष इतका सार्वत्रिक झाला आहे की तो दोष आहे, याचाच विसर पडू लागला आहे.

या बावीस दोषांपैकी दोन एकत्र पाहिले म्हणजे या शास्त्राची सभ्यतेविषयीची कल्पना हाती येते. पहिला 'अविज्ञातार्थ'. वक्त्याने आपले म्हणणे तीनदा सांगूनही ते परिषदेला व प्रतिवादीला कळले नाही, तर दोष वक्त्याचा. दुसरा 'अननुभाषण'. वक्त्याने तीनदा सांगितलेले व परिषदेला कळलेले म्हणणे प्रतिवादीला पुन्हा उच्चारून दाखविता आले नाही, तर दोष प्रतिवादीचा. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने ही योजना विलक्षण समतोल आहे. समजेल असे बोलण्याचे दायित्व बोलणाऱ्यावर, समजले आहे हे सिद्ध करण्याचे दायित्व उत्तर देणाऱ्यावर, आणि दोहोंचा साक्षी म्हणून तिसरी परिषद. ज्याचे खंडन करावयाचे ते आधी त्याच्याच अर्थाने उच्चारून दाखविता आले पाहिजे, ही अट पाळणाऱ्याला प्रतिपक्षाविषयी प्रेम वाटण्याची गरज नाही. परंतु त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. पुनरुक्ती हा दोष सांगताना 'अनुवाद' मात्र त्यातून वगळला आहे, हेही येथे लक्षणीय आहे. प्रयोजनपूर्वक केलेले पुनःकथन म्हणजे अनुवाद. मराठीत आज अनुवाद म्हणजे भाषांतर. पण दुसऱ्याचे म्हणणे विकृत न करता पुन्हा मांडणे हा दोन्ही अर्थांचा गाभा एकच आहे.

छलाचे विवेचनही याच दिशेने जाते. 'नवकंबल' या समासाचा अर्थ नवे कांबळे असलेला असाही होतो आणि नऊ कांबळी असलेला असाही होतो. वक्त्याला पहिला अर्थ अभिप्रेत असता, याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत, असे विचारणे हा वाक्छल होय. शब्द अनेकार्थी असतो हे भाष्यकार वात्स्यायनाला मान्यच आहे. त्याचे म्हणणे एवढेच, की वक्त्याला अमुकच अर्थ अभिप्रेत आहे असे गृहीत धरणाऱ्याने त्यासाठी विशेष कारण दिले पाहिजे. एरव्ही शब्दाचा व्यवहार प्रसंगानुरूप अर्थानेच चालतो. म्हणजे भाषेच्या स्वाभाविक संदिग्धतेचा लाभ प्रतिपक्षाविरुद्ध उठविणे हे चातुर्य नसून दोष होय. येथे सभ्यता हा अर्थनिर्णयाचा नियम बनतो.

मग क्रोध, मत्सर, अहंकार यांचा विचार या परंपरेने केलाच नाही काय? केला, परंतु तो चर्चेच्या नियमांत नव्हे, तर चर्चेच्या पूर्वतयारीत. वाद कोणाशी करावा, हे सांगताना न्यायसूत्रे शिष्य, गुरू, सहाध्यायी, विशिष्ट विद्वान आणि श्रेयार्थी यांची नावे घेतात, आणि ते असूयारहित असावेत, असे म्हणतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्परचर्चेचे 'संधायसंभाषा' व 'विगृह्यसंभाषा' असे दोन प्रकार सांगून पहिल्या, म्हणजे सलोख्याच्या, चर्चेविषयी जो उपदेश केला आहे तो अधिक तपशीलवार आहे. तो असा : निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, पराभवाच्या भयाने अस्वस्थ होऊ नये, प्रतिपक्षाचा पराभव झाला तर हर्ष मानू नये, आणि इतरांपुढे त्याची फुशारकी मारू नये. वैद्यकात चुकीच्या मताची किंमत रोग्याला मोजावी लागते. कदाचित त्यामुळेच चरकाचा उपदेश इतका व्यवहार्य उतरला असावा.

नियम कितीही काटेकोर असले तरी ते पाळले जातात की नाही, हे पाहणारा कोणीतरी हवा. ही जागा 'मध्यस्था'ची आणि परिषदेची. मध्यस्थ म्हणजे दोघांना शांत करणारा, तडजोड घडविणारा, असा मराठीतील आजचा अर्थ. शास्त्रार्थातील मध्यस्थाचे काम याहून निराळे, एका अर्थी उलट आहे. मतभेद नेमका कोठे आहे हे दोन परस्परविरुद्ध विधानांच्या रूपाने, म्हणजे 'विप्रतिपत्ति'वाक्याने, चर्चेच्या आरंभी स्पष्ट करणे हे त्याचे कर्तव्य. व्यासतीर्थांच्या 'न्यायामृता'तील द्वैतपक्षाला उत्तर देणाऱ्या मधुसूदन सरस्वतींच्या 'अद्वैतसिद्धि'त आरंभीच या विप्रतिपत्तीच्या आवश्यकतेचा ऊहापोह आहे. मतभेद झाकणारा नव्हे, तर तो धारदार करून देणारा मध्यस्थ तत्त्वचर्चेला हवा असतो. निम्मे तंटे मतभेदामुळे नव्हे, तर मतभेद कशाविषयी आहे हे न ठरल्यामुळे होतात, याची जाणीव या योजनेमागे आहे.

परिषदेचे कार्य 'पर्यनुयोज्योपेक्षण' या निग्रहस्थानाच्या निमित्ताने पुढे येते. एका पक्षाकडून दोष घडला आणि दुसऱ्या पक्षाने तो दाखविलाच नाही, तर तो दुसऱ्याचाही दोष ठरतो. परंतु तो दाखविणार कोण? वात्स्यायन म्हणतो, हे परिषदेने सांगावयाचे. कारण दोषात सापडलेला मनुष्य आपली लंगोटी आपणच उघडी करणार नाही. तात्पर्य, परिषदेने निमूटपणे बसून शेवटी विजयाचा निवाडा द्यावा, एवढीच अपेक्षा येथे नाही. दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटलेले तिने सांगितले पाहिजे. बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या 'खंडनखंडखाद्या'त तर कथेच्या आरंभाचाच प्रश्न उपस्थित केला आहे. प्रमाणांची सत्ता न मानणाऱ्याशी चर्चा शक्य आहे काय? श्रीहर्षाचे उत्तर असे की वस्तुसत्तेविषयी एकमत असण्याची आवश्यकता नाही. चर्चेच्या नियमांविषयी उभयतांचा करार असला म्हणजे पुरे. सिद्धांतांत संपूर्ण विरोध आणि नियमांत संपूर्ण संमती, ही तत्त्वचर्चेची किमान अट याहून स्पष्ट शब्दांत मांडणे कठीण आहे.

या व्यवस्थेवर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला परंपरेच्या आतला. न्यायसूत्रांनी जल्प व वितंडा यांचे समर्थन करताना काटेरी फांद्यांच्या कुंपणाचा दृष्टांत दिला आहे : कोवळा अंकुर राखण्यासाठी जसे कुंपण, तसे तत्त्वनिश्चय राखण्यासाठी जल्प-वितंडा. साधारणतः सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने 'वादन्याय' या ग्रंथात या भूमिकेवर कडक टीका केली. सत्याच्या रक्षणासाठी सज्जनाने छलाचा आश्रय करणे त्याला मान्य नाही. आणि बावीस निग्रहस्थानांची यादी छाटून त्याने ती दोनांवर आणली : वादीने साध्याला आवश्यक ते साधनांग न सांगणे आणि प्रतिवादीने खरा दोष न दाखविणे. धर्मकीर्तीचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. कुंपण आत येणारे जनावर आणि पाणी घालण्यास आलेला माळी यांत फरक करू शकत नाही. जो पक्ष स्वसंरक्षणासाठी छल वापरू लागतो, त्याला आपला अंकुर कोणता व आपला अहंकार कोणता, हे पुढे ओळखता येईनासे होते. या मुद्द्यावर नैयायिकांपेक्षा धर्मकीर्तीची बाजू अधिक सबळ आहे, असेच म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप परिषदेच्या बाहेरून येतो. 'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद नागसेनाला चर्चेस पाचारण करतो, तेव्हा नागसेन अट घालतो : चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर करू, राजांच्या रीतीने नाही. पंडित खंडन झाले तरी रागावत नाहीत. राजे मात्र मतभेद दाखविणाऱ्याला दंड करतात. नागसेनाला ही अट घालता आली, कारण त्याला निदान बोलावणे तरी आले होते. ज्यांना परिषदेत प्रवेशच नव्हता त्यांचे काय? वादशास्त्राच्या ज्या परिषदा होत्या त्यांत शूद्रांना व बहुतांशी स्त्रियांना स्थान नव्हते. ज्याला दाराबाहेर ठेवले त्याने दार ठोठावताना आवाज चढविला, म्हणून त्याला असभ्य ठरविणे हा सभ्यतेचा नव्हे, सत्तेचा नियम होय.

या आक्षेपाची कसोटी पाहण्यास १९३६ सालचे एक प्रकरण उपयोगी पडते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना दिले होते. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर त्यातील काही भाग गाळावा, असा मंडळाचा आग्रह पडला; आंबेडकरांनी तो मानला नाही, आणि परिषदच रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रात त्यावर टीका केली. तथापि, असे भाषण नाकारण्यात मंडळाची चूक झाली आणि कोणत्याही सुधारकाला त्याची उपेक्षा करता येणार नाही, हेही त्यांनी तेथेच नमूद केले. १९३७ साली दुसरी आवृत्ती काढताना आंबेडकरांनी गांधींची ही टीका आपल्या ग्रंथात छापली आणि तिच्याखाली आपले उत्तर दिले. त्या उत्तराची भाषा सौम्य नाही. काही ठिकाणी ती जिव्हारी लागणारी आहे. परंतु त्याची रचना पाहावी. भाषणातील प्रमुख मुद्दे आंबेडकर आधी ओळीने मांडतात. यांपैकी कोणत्या मुद्द्याला गांधींचे उत्तर पोचते, असा प्रश्न करतात. आणि मग गांधींचे आक्षेप एकेक करून सांगून त्यांचा परामर्श घेतात. शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांनी प्रतिपक्षावर 'अर्थांतरा'चा दोष ठेवला आणि स्वतः अनुभाषणाचे कर्तव्य पार पाडले. वाचकाला परिषद मानून दोन्ही पक्षांचा मजकूर त्याच्या हाती दिला. उलट, परिषद रद्द करणाऱ्या मंडळाचा पत्रव्यवहार, जो आंबेडकरांनी ग्रंथाच्या आरंभी छापला आहे, आर्जवाचा असूनही चर्चेचा मार्ग बंद करणारा ठरला. सौम्यता एकीकडे आणि सभ्यता दुसरीकडे, असा हा प्रसंग आहे.

म्हणून दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर नियम टाकून देणे हे नव्हे. जी परिषद दार बंद ठेवते तीच अनुभाषणाचा नियम सर्वप्रथम मोडते. कारण बाहेरच्याचे म्हणणे पुन्हा उच्चारण्याची वेळ तिच्यावर येतच नाही. स्वराचा नियम दुर्बळाला जाचतो, पण अनुभाषणाचा नियम त्याच्या बाजूने उभा राहतो.

हे सारे केवळ ग्रंथगत नाही, याचे एक अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. १९८३ साली पुण्यात पारंपरिक संस्कृत पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक यांची एक परिषद भरली. दया कृष्ण व मे. पुं. रेगे हे तिच्या प्रमुख योजकांपैकी होते. बर्ट्रांड रसेल यांची विधानविषयक उपपत्ती संस्कृतात मांडून पंडितांच्या विचारार्थ ठेवण्यात आली. ही चर्चा पुढे १९९१ साली 'संवाद' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. येथे अनुवादाचे दोन्ही अर्थ एकवटले. परक्या परंपरेतील मत तिच्या विरोधकाच्या भाषेत, त्याला खंडन करता येईल इतक्या स्पष्टपणे मांडणे, हेच मुळी त्या मताचा सर्वांत मोठा आदर करणे होते. सहमती झाली की नाही, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

या विवेचनावरून तत्त्वचर्चेतील सभ्यतेची कसोटी पुढीलप्रमाणे सांगता येईल. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले काय? मतभेदाचे स्थान आरंभी निश्चित केले काय? दोष आपल्या पक्षात दाखविला गेला असता तो दुसऱ्याच्या अंगणात ढकलला नाही ना? आणि ज्यांच्याविषयी चर्चा चालली आहे त्यांना परिषदेत जागा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर थोडा चढलेला आवाज चर्चेला बाधत नाही. नसतील तर कितीही गोड शब्द तिला तारू शकत नाहीत.

विद्यापीठीय जीवनात याचा विनियोग करण्यास मोठ्या सुधारणेची आवश्यकता नाही. पदव्युत्तर वर्गाच्या चर्चासत्रात निबंधावर आक्षेप घेणाऱ्याने प्रथम निबंधाची प्रतिज्ञा आपल्या शब्दांत सांगावी आणि निबंधकाराने ती बरोबर असल्याचे मान्य केल्यावरच आक्षेप मांडावा, एवढा एकच नियम अध्यक्षाने पाळून घेतला, तर पुष्कळसे आक्षेप उच्चारण्यापूर्वीच विरून जातील. आणि जे उरतील ते ऐकण्याच्या योग्यतेचे असतील. ग्रंथपरीक्षणालाही हाच नियम लागू आहे. 'वाद' या शब्दाला त्याचा हरवलेला अर्थ कोशकार परत देऊ शकत नाहीत. तो परत येईल तो असा वाद प्रत्यक्ष करणाऱ्यांकडून.